ग्राफिक नॉव्हेल आणि कॉमिक्सबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतंत्र पुस्तकदुकानात चित्रकथांचं शेल्फ रुंदावत गेलं की काउंटरवर काही ठरावीक प्रश्न येतातच. काही जण कुतूहलाने विचारतात, काही भुवया उंचावून, तर काही मुलाचा हात धरून त्याला तिथून लांब नेता नेता. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ती तटस्थ असतील अशी अपेक्षा ठेवू नका. ही पुस्तकं आम्ही विकतो आणि विकण्याआधी वाचतो.

कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल यांत नेमका फरक काय?

मुख्यतः बाइंडिंगचा. कॉमिक म्हणजे सहसा पिना मारलेला पातळ अंक. तो ठरावीक काळाने येतो आणि गोष्ट पुढच्या अंकात चालू राहते. ग्राफिक नॉव्हेल म्हणजे पाठीवर नाव छापता येईल इतकं जाड, एकसंध पुस्तक. पण ही सीमा फार पक्की नाही. ‘वॉचमेन’ १९८६-८७ मध्ये आधी बारा अंकांत आलं आणि मग एका पुस्तकात बांधलं गेलं. तेच पान, तीच शाई, फक्त आता ते शेल्फवर उभं राहतं. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हे नाव रूढ झालं ते विल आइस्नर यांच्या १९७८ मधल्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’मुळे. गंमत म्हणजे त्या पुस्तकात चार स्वतंत्र कथा आहेत, कादंबरी नाहीच. आज या शेल्फवरची कितीतरी उत्तम पुस्तकं आत्मकथनं किंवा वार्तांकनं आहेत, म्हणजे तीही कादंबऱ्या नव्हेत. तेव्हा शब्दात अडकू नका. दुकानात येऊन ‘कॉमिक्स कुठे आहेत?’ विचारलंत तरी कुणी नाक मुरडणार नाही.

तुम्हाला या पुस्तकांचं एवढं वेड का?

कारण ही पुस्तकं चाळल्याशिवाय कळत नाहीत, आणि चाळायला पुस्तकाचं दुकान लागतं.

कादंबरीचं तसं नसतं. एखादं परीक्षण वाचून, मलपृष्ठावरचा मजकूर बघून, पहिला परिच्छेद वाचून बराचसा अंदाज बांधता येतो. चित्रकथेत गोष्टीचा सारांश कितीही चांगला लिहिला तरी त्यातून चित्रकाराचा हात दिसत नाही. रेघ जाड आहे की थरथरती, पान चौकटींनी गच्च भरलंय की मोकळं, काळा रंग किती वापरलाय, अक्षरं हाताने काढलीत की संगणकावर बसवलीत, हे सगळं कथेइतकंच महत्त्वाचं असतं. ते डोळ्यांना मानवेल की नाही हे चार पानं उलटल्यावर चटकन कळतं. फोनवर मुखपृष्ठाचा नखाएवढा फोटो बघून मात्र ते कळत नाही. पुस्तक हातात घेतल्यावर ‘अरे, हे एवढं मोठं असेल असं वाटलं नव्हतं’ हे वाक्य आम्ही सारखं ऐकतो.

एक उदाहरण देतो. रिचर्ड मॅग्वायर यांनी १९८९ मध्ये ‘रॉ’ या नियतकालिकात सहा पानांची एक चित्रकथा केली. एका खोलीचा एकच कोपरा, आणि त्याच जागेवर वेगवेगळ्या काळात काय काय घडलं ते. पंचवीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याचं ‘हिअर’ नावाचं जाडजूड पुस्तक झालं. ते उघडून धरलं की खोलीचा कोपरा बरोबर पुस्तकाच्या घडीवर येतो. डावं पान ही एक भिंत, उजवं पान ही दुसरी. म्हणजे दोन पानांमधला कोन हाच खोलीचा कोन. वरच्या कोपऱ्यात साल लिहिलेलं असतं. मोठ्या चित्रात एक साल चालू असतं आणि त्याच्याच पोटात छोट्या चौकटी उघडतात, त्यांत दुसरी सालं. मुलं मोठी होतात, वॉलपेपर बदलतो, मग एका पानावर घरच नसतं, नुसतं रान असतं. हे मी कितीही वर्णन केलं तरी तुम्ही ते पुस्तक दोन्ही हातांनी उघडेपर्यंत अर्धंच पोहोचणार. आमचं वेड आहे ते याचं.

व्यापाराचंही एक अंग आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत कॉमिक्सच्या खास दुकानांसाठी वेगळी वितरणव्यवस्था उभी राहिली. दुकानांना सवलत जास्त मिळायची, पण न खपलेला माल परत करता यायचा नाही. त्यामुळे ती दुकानं खात्रीचं तेवढंच मागवत. पुस्तकांच्या व्यवसायात मात्र परतीच्या बोलीवर माल घेण्याची पद्धत आहे. अंकांऐवजी पुस्तकं निघायला लागली तेव्हा आमच्यासारख्यांना नवख्या चित्रकाराच्या दोन प्रती ठेवून बघण्याची मुभा मिळाली. आणि लहान दुकानात मागवणारा, वाचणारा आणि हातात देणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो.

पण हे लहान मुलांसाठीच असतं ना?

काही पुस्तकं असतात, बरीच नसतात. काही तर मुलांच्या हाती लागू नयेत अशी असतात, आणि ती आम्ही वरच्या फळीवर ठेवतो.

हा समज आपोआप तयार झालेला नाही. १८३० च्या दशकात जिनिव्हातल्या रोडॉल्फ टॉपफर या शिक्षकाने चित्रं आणि खाली ओळी अशा ज्या विनोदी कथा रचल्या, त्या प्रौढ वाचकांत फिरत होत्या. खुद्द जर्मन कवी गटेला त्या आवडल्या होत्या. वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्याही घरातले सगळेच वाचत. मग १९३८ मध्ये सुपरमॅन आला, अंकांचा खप वाढला आणि त्यासोबत पालकांची धास्तीही. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगारीकडे वळतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. शीर्षकात ‘हॉरर’ शब्द नको, रक्तपिपासू भुतं नकोत, चालती प्रेतं नकोत, अधिकाऱ्यांचा अपमान होईल असं काही नको. मुखपृष्ठावर मंजुरीचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायला तयार होत नसत. ज्या माध्यमात प्रौढांसाठी काही करणंच अवघड करून टाकलं, त्याला नंतर ‘हे तर पोरांचं’ म्हणणं म्हणजे आधी पाय बांधायचे आणि मग पळत नाही म्हणून हसायचं.

या गोष्टीला एक शेपूट आहे. वर्थमची कागदपत्रं पुढे अभ्यासकांना खुली झाली. ती तपासून कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने २०१२ मध्ये दाखवून दिलं की त्याने मुलांच्या मुलाखतींतले तपशील सोयीने बदलले होते, काही एकत्र केले होते, काही गाळले होते. शिक्का मात्र तोवर अर्धशतकाहून जास्त काळ टिकला होता. शेवटच्या प्रकाशकांनी तो २०११ मध्ये सोडला.

जपानमध्ये चित्र वेगळं होतं. तिथे मांगाची, म्हणजे जपानी कॉमिक्सची, मासिकं आणि साप्ताहिकं वाचकाच्या वयानुसार निघत: मुलगे, मुली, तरुण पुरुष, प्रौढ स्त्रिया. पण तिथेही मुलांसाठीचं म्हणजे हलकंफुलकं असं समीकरण नव्हतं. हिरोशिमाच्या बॉम्बहल्ल्यातून लहानपणी वाचलेल्या केइजी नाकाझावा यांनी ‘बेअरफूट गेन’ ही आपल्या अनुभवांवर बेतलेली मालिका १९७३ मध्ये सुरू केली, ती मुलांच्या साप्ताहिकातच.

मग वाचायचं कसं? आधी शब्द की आधी चित्र?

हा प्रश्न लोक जरा लाजत विचारतात. लाजू नका. ज्यांनी आयुष्यभर नुसता मजकूर वाचलाय त्यांचे डोळे संवादाच्या एका फुग्यावरून दुसऱ्या फुग्यावर उड्या मारत जातात आणि चित्र मागे सुटतं. मग वीस मिनिटांत पुस्तक संपतं आणि ‘यात काय एवढं?’ असं वाटतं.

आमचा सल्ला असा. पान उलटल्यावर आधी सबंध पान बघा, नुसतं एक क्षणभर. चौकटी सारख्या आहेत की लहानमोठ्या? कुठे एकदम मोठं चित्र आलंय? मग पहिल्या चौकटीपासून सुरू करा. फुगे वरून खाली वाचायचे, आणि एकाच उंचीवर दोन असतील तर डावीकडचा आधी. फुग्याचं शेपूट ज्याच्याकडे वळलंय तो बोलतोय. चौकोनी पट्टीतला मजकूर निवेदकाचा. हे नियम शाळेत शिकावे इतकेसुद्धा अवघड नाहीत, दहा पानांत अंगवळणी पडतात.

खरी मजा दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत आहे. पहिल्या चौकटीत माणूस दारावर हात ठेवून उभा आहे, दुसऱ्यात दार बंद आहे आणि माणूस नाही. तो गेला कधी, दार आपटलं की हळूच लावलं, हे चित्रकाराने काढलेलंच नाही. ते तुम्ही केलंत. स्कॉट मॅक्क्लाउड यांनी १९९३ मध्ये ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ हे कॉमिक्सविषयीचं पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात लिहिलं. त्यात या मधल्या जागेवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार त्यांनी वेगळे काढून दाखवलेत. माध्यमाच्या व्याकरणात रस असेल तर ते पुस्तक जरूर घ्या. नसेल तर आधी चार गोष्टी वाचा, व्याकरण नंतर.

काळही जागेतूनच मोजला जातो. तीन सारख्या चौकटी, तिन्हींत तेच तोंड, फक्त तिसऱ्यात नजर खाली: इथे शांतता आहे आणि ती लांब आहे. पानभर एकच चित्र असेल तर थांबायचं. ‘वॉचमेन’मध्ये बहुतेक पानं नऊ समान चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत, त्यामुळे ती जाळी जिथे मोडते तिथे आपण दचकतो. त्याचं पाचवं प्रकरण तर आरशासारखं रचलंय. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानावर उलटी होऊन येते, दुसऱ्याची त्याच्या अलीकडच्या पानावर, असं करत दोन्ही बाजू मधल्या जोडपानावर भेटतात. पहिल्या वाचनात हे लक्षात येत नाही, आणि आलं नाही तरी काही बिघडत नाही.

चौकटी हव्यातच असंही नाही. डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरचं ‘भीमायन’ २०११ मध्ये आलं. त्याची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढली आहेत. माणसांना खोक्यांत कोंबायला त्यांनी नकार दिला. त्यामुळे तिथे चौकटींऐवजी वळणदार नक्षीच्या रेघा पान विभागतात. कठोर, विषारी बोलणं असेल तर फुग्याच्या शेपटाला विंचवाची नांगी आहे, आणि मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतं. कोण कसं बोलतंय हे तुम्हाला अक्षर वाचायच्या आधीच कळतं. चित्रकथा कुठल्याही एका देशाची मक्तेदारी नाही हे सांगायला आम्ही हेच पुस्तक उघडून दाखवतो.

शब्दच नसलेलं पुस्तक विकत घेण्यात काय अर्थ आहे?

एकदा हातात घेऊन बघा. ही परंपरा जुनी आहे. बेल्जियन चित्रकार फ्रान्स मासरेल यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास लाकडी ठशांतून अख्ख्या निःशब्द कादंबऱ्या कोरल्या. अमेरिकेत लिंड वॉर्ड यांनी १९२९ मध्ये तेच केलं. एका पानावर एक ठसा, मजकूर शून्य. अलीकडचं उदाहरण म्हणजे शॉन टॅन यांचं २००६ मधलं ‘द अरायव्हल’. एक माणूस अनोळखी देशात पोहोचतो. तिथली लिपी बनावट आहे, प्राणी विचित्र आहेत, फळं ओळखू येत नाहीत. शब्द नसल्यामुळे तो जितका गोंधळतो तितकेच आपणही गोंधळतो, आणि स्थलांतरिताची अवस्था समजावून सांगावीच लागत नाही. घरात वेगवेगळ्या भाषा वाचणारी माणसं असतील तर हे पुस्तक सगळ्यांना एकत्र वाचता येतं.

मांगा उलटीकडून का उघडतं? छपाईची चूक आहे का?

चूक नाही. जपानी पारंपरिक मजकूर वरून खाली आणि ओळी उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून चौकटीही तशाच. आधीच्या काळात इंग्रजी अनुवाद करताना पानं आरशासारखी उलटवून छापत. मग सगळे सामुराई डावखुरे व्हायचे आणि किमोनो चुकीच्या बाजूने गुंडाळला जायचा. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रकाशकांनी मूळ दिशा तशीच ठेवायला सुरुवात केली, आणि वाचकांनी कुरकुर न करता ती उचलली. अर्ध्या तासात सवय होते.

अनुवादित पुस्तकांत फुग्यातली अक्षरं इतकी बारीक का?

कारण फुगा मूळ भाषेच्या मापाने काढलेला असतो. जपानी उभ्या ओळींसाठी उंच, अरुंद फुगे काढतात. त्यात आडवी लिपी बसवायची म्हणजे दर दोन शब्दांना ओळ तुटते. देवनागरीत आणखी एक पेच आहे: वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. म्हणजे दोन ओळींत अंतर जास्त लागतं आणि चार ओळींच्या जागेत तीनच मावतात. चांगला अनुवादक म्हणून वाक्य आधी कापतो, मग अक्षरजुळणी करणाऱ्याकडे देतो. धडामधुडूम आवाज बऱ्याचदा चित्रातच रंगवलेले असतात. ते बदलायचे तर चित्र पुन्हा काढावं लागतं, म्हणून काही प्रकाशक ते तसेच ठेवून शेजारी छोटी टीप देतात. अनुवादित पुस्तक घेताना मधलं एखादं गर्दीचं पान उघडून बघा. तिथे अक्षरं सुखाने वाचता आली तर बाकीचं पुस्तक ठीक आहे.

तासाभरात संपतं. मग इतकं महाग कशासाठी?

वाचायला तास लागतो हे खरं, काढायला वर्षं लागतात हेही खरं. आर्ट स्पीगलमन यांचं ‘माउस’ १९८० पासून भागांत येत होतं आणि त्याचा दुसरा खंड १९९१ मध्ये आला. एका पानावर आधी पटकथा, मग कच्चं रेखाटन, मग शाई, मग रंग, मग अक्षरं, अशी पाच कामं असतात. मोठ्या प्रकाशकांकडे प्रत्येकाला वेगळा माणूस असतो, आणि स्वतंत्र चित्रकार बहुधा पाचही एकटाच करतो. वर कागद जाड लागतो, नाहीतर मागच्या पानाचा काळा रंग पुढे झिरपलेला दिसतो. रंगीत छपाई लहान आवृत्तीला परवडत नाही हे कुठल्याही मुद्रकाला विचारा.

आणि ही पुस्तकं एकदा वाचून संपत नाहीत. दुसऱ्या वाचनात गोष्ट माहीत असते, तेव्हा डोळे पार्श्वभूमीकडे जातात. पैसे तिथे वसूल होतात.

मी कधीच कॉमिक्स वाचली नाहीत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही एरवी काय वाचता तिथून. ‘सर्वोत्तम दहा’ याद्या आम्ही देत नाही, त्या सगळ्यांसाठी असतात म्हणजे कुणासाठीच नसतात.

आत्मचरित्रं आवडत असतील तर मर्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’. इराणमधल्या क्रांतीच्या आणि युद्धाच्या काळातलं बालपण, सपाट काळ्यापांढऱ्या चित्रांत. चित्रं साधी आहेत म्हणून नव्या वाचकाला दडपण येत नाही. घरातल्या आजाराविषयीचं प्रामाणिक काही हवं असेल तर दाविद बे. यांचं ‘एपिलेप्टिक’ हे भावाच्या अपस्मारावरचं पुस्तक. ते अंगावर येतं, आधी सांगून ठेवतो. पत्रकारिता वाचणाऱ्यांना आम्ही जो सॅको यांचं ‘पॅलेस्टाइन’ देतो. सॅको स्वतःलाही चित्रात काढतात, पण चष्म्याच्या काचा कोऱ्या ठेवतात, डोळे दिसतच नाहीत. समोरचा बोलतो, आणि आपण त्या कोऱ्या काचांच्या मागे जाऊन बसतो. छायाचित्रणात रस असेल तर ‘द फोटोग्राफर’ बघा. दिदिए लफेव्र हे १९८६ मध्ये एका वैद्यकीय पथकाबरोबर अफगाणिस्तानात गेले होते. त्या प्रवासातले त्यांचे फोटो आणि एमान्युएल गिबेर यांची चित्रं पानावर शेजारी शेजारी येतात. गणित आणि तर्कशास्त्राची आवड असेल तर बर्ट्रंड रसेल यांच्यावरचं ‘लॉजिकॉमिक्स’ आहे.

आणि ‘माउस’, स्पीगलमन यांच्या वडिलांच्या छळछावणीतल्या आठवणींचं पुस्तक. ते सगळेच सुचवतात म्हणून कधी कधी आम्ही टाळतो, आणि मग पुन्हा तेच हातात देतो. ज्यू उंदीर, जर्मन मांजरी, ही कल्पना ऐकायला बालिश वाटते. पाचव्या पानापर्यंत ती विसरायला होते, आणि म्हाताऱ्या बापाचा चिकटपणा, मुलाची चिडचिड, त्यांचं आपसांतलं भांडण एवढंच उरतं. १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला.

सुपरहिरोंच्या मालिका पहिल्या अंकापासून वाचाव्या लागतात का?

नाही. कुणीच वाचलेल्या नाहीत, जे वाचल्या म्हणतात त्यांनीही नाही. एकाच लेखक-चित्रकार जोडीचा सलग खंड निवडा, मधूनच सुरू करा. दोन संदर्भ हुकतील, त्याने काही अडत नाही. पाठीवरचा खंड क्रमांक मात्र बघून घ्या. एकाच मालिकेचे ‘खंड १’ चार वेगवेगळे असू शकतात, कारण प्रकाशक दर काही वर्षांनी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करतात. हा प्रकार आम्हालाही वैताग देतो.

मुलाला कॉमिक्स दिली तर ‘खरी’ पुस्तकं सुटतील का?

आमच्यासमोर घडतं ते असं: मूल कॉमिक संपवतं आणि पुढचं मागतं. ही सवय ज्याला लागली ते मूल वाचकच आहे. चित्रकथा वाचताना मूल चेहऱ्यावरून मन ओळखतं, न सांगितलेलं जोडून घेतं, मागे जाऊन तपासतं. नुसत्या मजकुरात पुढे हेच करायचं असतं. ज्याला लांब परिच्छेदांची भीती वाटते त्याला फुग्यातली दोन वाक्यं जमतात, आणि ती जमली की धीर येतो.

मोठमोठ्या पुरस्कारांनी हा वाद केव्हाच मागे टाकलाय. २०२० मध्ये बालसाहित्याचं न्यूबेरी पदक जेरी क्राफ्ट यांच्या ‘न्यू किड’ला मिळालं. ते मिळवणारं हे पहिलं ग्राफिक नॉव्हेल. प्रौढांच्या बाजूला २०१८ मध्ये ‘सब्रीना’ बुकरच्या दीर्घ यादीत आलं. तरी पालक काउंटरवर विचारतातच, ‘शब्द जास्त असलेलं काही नाही का?’ आहे ना. दोन्ही घ्या.

एक विनंती मात्र आहे. देण्याआधी स्वतः चाळा. मुखपृष्ठ गोंडस आणि आत भलतंच, असं या शेल्फवर होतं.

तुम्ही ही पुस्तकं एकत्र का ठेवता? विषयानुसार का नाही?

यावर दुकानात दोन तट आहेत. एक तट म्हणतो की चरित्र चरित्रांत, इतिहास इतिहासात, चित्रं आहेत म्हणून वेगळी वसाहत नको. दुसरा म्हणतो की चित्रकथा शोधणारा माणूस चित्रकथेसाठीच येतो, त्याला दुकानभर फिरवू नका. सध्या दुसऱ्या तटाची सरशी आहे, पण चांगल्या पुस्तकाची एक प्रत विषयाच्या शेल्फवरही ठेवतो. ज्याला कॉमिक्सकडे फिरकायचंच नाही तो तिथे सापडतो.

हा घोळ आमच्यापुरता नाही. १९९१ मध्ये ‘माउस’चा दुसरा खंड न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत आला तो कथासाहित्यात. स्पीगलमन यांनी संपादकांना पत्र लिहून हरकत घेतली. त्यांच्या वडिलांच्या छळछावणीतल्या आठवणी कल्पित कशा? वर्तमानपत्राने ते पुस्तक कथेतर यादीत हलवलं.

शेल्फची आणखी एक अडचण अगदी सुतारकामाची आहे. फ्रेंच-बेल्जियन कॉमिक्सचे अल्बम उंच, मांगा बुटकं, काही पुस्तकं आडवी. एकाच फळीवर ही सगळी नीट उभी राहतच नाहीत.

ई-बुक का घेऊ नये?

घ्या. खास फोनसाठी काढलेल्या, वरून खाली सरकवत वाचायच्या वेबटून फोनवरच शोभतात, छापल्यावर त्यांची लय जाते. पण कागदी पानासाठी रचलेली चित्रकथा स्क्रीनवर एकेक चौकट करून दाखवली की सबंध पान कधीच दिसत नाही, आणि चित्रकाराने मांडणी केलेली असते ती पानाची. जोडपान तर फोनवर हमखास मरतं. मोठ्या टॅबलेटवर ठीक चालतं.

बेकायदेशीर स्कॅनबद्दल एवढंच: ज्याने तीन वर्षं खर्चून पुस्तक काढलं त्याला त्यातून काहीच मिळत नाही, आणि त्याचं पुढचं पुस्तक येत नाही. परवडत नसेल तर ग्रंथालयात मागणी नोंदवा. ग्रंथालयं अशा मागण्या खरंच मनावर घेतात.

माझ्याकडचे जुने अंक विकत घेता का? आणि ते जपायचे कसे?

संग्राहकांच्या बाजारात आम्ही नाही, आमचा धंदा वाचण्याच्या प्रतींचा. जपण्याचं मात्र सांगतो. जुने अंक वर्तमानपत्री कागदावर छापलेले असतात. त्या कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेलं द्रव्य) हवा आणि उजेडाने पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. उन्हापासून आणि ओलीपासून लांब, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या आधाराने, पिशवीत घालून उभे ठेवा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांनी तपकिरी डाग सोडते.

दुकानात उभं राहून वाचलं तर चालतं का?

चाळणं हाच आमचा पाया आहे हे वर सांगितलंच. बसून दहा-पंधरा पानं वाचा, चित्रकाराचा हात आवडतो का बघा. फक्त पुस्तक पूर्ण उलटं दाबून सपाट करू नका, चिकटवलेलं बाइंडिंग तिथेच तडकतं. पूर्ण काळ्या पानांवर बोटांचे ठसे उमटतात, तेव्हा पान कडेला धरा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली प्रत दिसली तर आम्हाला सांगा, बहुतेकांची एक उघडी प्रत आत असते.

हवं ते पुस्तक शेल्फवर नसेल तर?

मागवून देतो. येताना नाव आणि चित्रकार एवढं असलं तरी पुरे, आयएसबीएन असेल तर उत्तम. कारण एकाच पुस्तकाची मऊ बांधणीची, पुठ्ठा बांधणीची, रंगीत आणि काळीपांढरी अशा आवृत्त्या असतात. ‘अकिरा’ हे मांगा त्याचं नमुनेदार उदाहरण. मूळ काळंपांढरं, १९८८ पासून अमेरिकेत रंगवून आणि पानं उलटवून छापलेलं, पुढे पुन्हा मूळ रूपात. तुम्हाला नेमकी कुठली हवी ते आम्ही विचारतो, म्हणून प्रश्न जास्त वाटले तर वैतागू नका. ग्राफिक नॉव्हेलच्या आवृत्त्या छोट्या असतात आणि पटकन संपतात. पुनर्मुद्रणाला कधी महिने लागतात, कधी ते होतच नाही. वितरकाकडे नसेल तर तसं सांगतो, नाव टिपून ठेवतो, आणि तोवर त्याच चित्रकाराचं दुसरं काही शेल्फवर असेल तर तुमच्या हातात देतो.